हाइव्हवर नागपूरकरांची कम्युनिटी: चाव्या कोणाकडे, अधिकार कोणाला

हाइव्ह ही ब्लॉकचेन, म्हणजे लोकांच्या पोस्ट आणि नाण्यांचे व्यवहार कायमचे टिपणारी सामायिक नोंदवही, २० मार्च २०२० रोजी स्टीम या तशाच जुन्या चेनपासून वेगळी झाली. ती का वेगळी झाली हे माहीत नसताना तिच्यावर शहराची कम्युनिटी काढायला घेऊ नका. पुढे भूमिका वाटताना जी काळजी घ्यायची, तिचं मूळ त्या एका महिन्यात आहे.

स्टीमवर ब्लॉक, म्हणजे नोंदींचे गठ्ठे, बनवणारे विटनेस मतांनी निवडले जात आणि मताचं वजन खात्यात गुंतवलेल्या नाण्यांवर ठरे. स्टीम सुरू करणाऱ्या स्टीमिट कंपनीकडे अगदी सुरुवातीला मिळवलेला नाण्यांचा प्रचंड साठा होता. तो विकासासाठी आहे, सत्तेसाठी नाही, असं सांगितलं जात होतं. पण हे फक्त सांगणं होतं, चेनच्या नियमात ते कुठेही लिहिलेलं नव्हतं. फेब्रुवारी २०२० मध्ये ट्रॉन या दुसऱ्या ब्लॉकचेनच्या जस्टिन सन यांनी कंपनी घेतली आणि साठाही त्यांच्याकडे गेला. विटनेसांनी तो तात्पुरता गोठवला. मग २ मार्चला काही मोठ्या एक्स्चेंजांकडे, म्हणजे नाण्यांची खरेदी-विक्री करून देणाऱ्या कंपन्यांकडे, ठेव म्हणून असलेली ग्राहकांची नाणी मतदानात उतरली आणि वरचे सगळे विटनेस बदलले. जुन्या लोकांनी चेनची नवी प्रत काढली, कंपनीचा साठा तिच्यात खात्यावर येऊ दिला नाही आणि तिला हाइव्ह नाव दिलं.

आपल्या कामासाठी यातून एकच गोष्ट घ्यायची. जो अधिकार चावीने, म्हणजे खात्याच्या गुप्त पासवर्डने, किंवा नियमाने बांधलेला नाही, तो कोणाच्याही शब्दावर सुरक्षित नसतो. कम्युनिटी पन्नास जणांची असली तरी हे लागू होतं.

खालचा मजला आणि वरचा मजला

नागपुरातली एखादी फ्लॅट स्कीम डोळ्यांसमोर आणा. नळ, वीज आणि रस्ता स्कीमच्या कमिटीच्या हातात नसतो. जिन्यातला दिवा, पार्किंग आणि नोटीस बोर्ड असतो. हाइव्हवरही असेच दोन मजले आहेत आणि नवे लोक त्यांची हमखास गल्लत करतात.

खालच्या मजल्यावर चेनचा कारभार चालतो. दर ३ सेकंदांनी एक ब्लॉक, अशी २१ ब्लॉकची एक फेरी असते. मतांनी पुढे असलेले २० विटनेस प्रत्येकी एक ब्लॉक बनवतात आणि एकविसावा ब्लॉक मागच्या रांगेतल्या राखीव विटनेसाला पाळीने मिळतो. नियम बदलणारा हार्डफोर्क लागू व्हायला त्या २१ पैकी १७ जणांनी नवी आवृत्ती चालवावी लागते. प्रत्येक खात्याला ३० विटनेसांना मत देता येतं किंवा आपलं मत दुसऱ्याकडे प्रॉक्सी म्हणून सोपवता येतं. मताचं वजन हाइव्ह पॉवरवर, म्हणजे गुंतवून ठेवलेल्या हाइव्ह नाण्यांवर ठरतं. २०२० चा धडा इथे नियमात उतरला आहे. नव्याने गुंतवलेली हाइव्ह कारभाराच्या मतात ३० दिवसांनंतरच धरली जाते. वर्षभर कारभाराचं एकही मत दिलं नाही, तर जुनी मतं आपोआप गळतात. म्हणून सभासदांना वर्षातून एक दिवस ठरवून द्या. त्या दिवशी प्रत्येकाने आपली विटनेस-मतं उघडून पाहायची आणि बंद पडलेल्या विटनेसांची मतं काढून घ्यायची.

याच मजल्यावर विकास निधीही आहे. त्यातून पैसे मागणारा प्रस्ताव मांडायला १० एचबीडी (डॉलरशी जोडलेलं हाइव्हचं दुसरं नाणं) शुल्क लागतं आणि मुदत ६० दिवसांपुढे गेली की वाढीव दर दिवशी आणखी १ एचबीडी. शहरापुरत्या कम्युनिटीने पहिल्या वर्षी त्या वाटेला जाऊ नये असं आमचं स्पष्ट मत आहे. तिथली मतं जगभरातल्या मोठ्या खात्यांची असतात आणि अंबाझरीच्या काठाची स्वच्छता त्यांना पटवण्यात जेवढी शक्ती जाईल, तेवढ्यात ती स्वच्छता होऊन जाईल.

कम्युनिटी वरच्या मजल्यावर असते. इथे कोणाकडे किती हाइव्ह आहे याला काही किंमत नाही. इथे चालते ती भूमिका.

खातं काढण्याआधी

कम्युनिटी म्हणजे खरं तर एक हाइव्ह खातंच. त्याचं नाव 'हाइव्ह', मग आडवी रेघ, मग आकडा, असं असतं. आकड्यातला पहिला अंक प्रकार सांगतो. १ असेल तर कोणीही पोस्ट टाकू शकतो. २ असेल तर पोस्ट फक्त मेंबरची, प्रतिक्रिया सगळ्यांच्या. ३ असेल तर दोन्ही फक्त मेंबरना. खात्याचं नाव पुढे बदलता येत नाही, म्हणून हा निर्णय घाईत घेऊ नका. शहराच्या कम्युनिटीसाठी १ घ्या. २ आणि ३ बाहेरून शिस्तीचे वाटतात, पण इतवारीतला एखादा दुकानदार पहिल्यांदा पोस्ट टाकायला आला आणि दार बंद दिसलं तर तो परत येत नाही.

पीकडी किंवा इकेन्सी या हाइव्ह वापरायच्या ॲपवर कम्युनिटी काढायचं पान आहे. खर्च सध्या ३ हाइव्ह, हा दर विटनेस ठरवतात. तयार होताना एक लांबलचक पासवर्ड दिसतो आणि तो त्याच वेळी उतरवून घ्यावा लागतो. स्क्रीनशॉट काढून गॅलरीत ठेवू नका, कारण गॅलरी बहुतेकांच्या फोनवर आपोआप क्लाउडवर चढते. कागदावर लिहा, दुसऱ्याने वाचून पडताळा.

भाषेच्या रकान्यात मराठी निवडा, पण नियमांत पहिल्याच ओळीत लिहून टाका की प्रतिक्रिया हिंदीत आणि वऱ्हाडीत चालतील. नागपुरात हे लिहिलं नाही तर पहिल्या आठवड्यात भाषेवरूनच भांडण लागतं.

सहा भूमिका

ओनर, ॲडमिन, मॉडरेटर, मेंबर, गेस्ट आणि म्यूटेड. उतरत्या क्रमाने या सहा पायऱ्या आहेत आणि एक नियम सगळ्यांना लागू आहे. कोणालाही स्वतःच्या पायरीवर किंवा तिच्या वर दुसऱ्याला बसवता येत नाही आणि स्वतःच्या बरोबरीच्या माणसाची भूमिका बदलता येत नाही.

यातून बऱ्याच गोष्टी निघतात. ॲडमिन मॉडरेटर नेमू शकतो, पण दुसरा ॲडमिन नेमू शकत नाही आणि दुसऱ्या ॲडमिनला काढूही शकत नाही. कम्युनिटीचं नाव, माहिती आणि नियमांचा मजकूर तोच बदलतो. मॉडरेटर पोस्ट म्यूट करतो (झाकतो), पिन करतो (सगळ्यांत वर लावतो), नावापुढे उपाधी लावतो, मेंबर करतो किंवा म्यूटेड करतो, पण दुसऱ्या मॉडरेटरला हात लावू शकत नाही. गेस्ट म्हणजे दारातून आलेला कोणीही. त्याला पोस्टवर कारणासकट तक्रार नोंदवता येते.

ओनर मात्र माणूस नाही. ओनर म्हणजे ते आकड्याचं खातंच, आणि ॲडमिन नेमण्या-काढण्याचा अधिकार फक्त त्याचा. दोन ॲडमिनमध्ये बिनसलं तर निवाडा करू शकेल असं दुसरं कोणीही साऱ्या रचनेत नाही. त्या खात्याच्या चाव्या एकट्या संस्थापकाच्या खिशात असतील, तर बाकीच्या पाच भूमिकांना त्याच्या मर्जीपलीकडे आधार उरत नाही.

शंभर ते दीडशे सक्रिय लोकांसाठी २ ॲडमिन आणि ५ मॉडरेटर पुरतात. मॉडरेटर एकाच ओळखीच्या वर्तुळातले घेऊ नका. महाल, धरमपेठ, उत्तर नागपूर, हिंगणा रोड असे वेगवेगळ्या भागांतले घ्या आणि दोघे तरी रात्री उशिरापर्यंत जागणारे असू द्या. मुदत सहा महिने. मुदत संपली की भूमिका खरोखर काढून घ्या. 'राहू दे, कामाला येईल' म्हणून ठेवलेल्या जुन्या मॉडरेटरचा फोन हरवला की त्याची चावीही गेली, आणि तिच्यासोबत कम्युनिटीचे अधिकारही.

ओनर खात्याच्या चाव्या

प्रत्येक हाइव्ह खात्याला ओनर, ॲक्टिव्ह, पोस्टिंग आणि मेमो अशा चार चाव्या असतात. ओनर चावी आणि ओनर भूमिका यांचं फक्त नाव सारखं. ओनर चावीने बाकीच्या चाव्या बदलतात, ॲक्टिव्हने पैसे हलतात, पोस्टिंगने पोस्ट, मत आणि कम्युनिटीची सगळी कामं होतात. मेमो चावी फक्त गुप्त संदेशांसाठी.

हाइव्हवर एकाच अधिकारासाठी अनेक चाव्या लावता येतात, प्रत्येकीला वजन देता येतं आणि किती वजन जमलं की सही ग्राह्य धरायची तो उंबरठाही ठरवता येतो. कम्युनिटीच्या खात्यासाठी तीन चावीधारक निवडा, प्रत्येकाच्या चावीला वजन १ द्या आणि उंबरठा २ ठेवा. तिघांतले कोणतेही दोघे मिळून सही करतील, एकट्याने काहीच होणार नाही. बचत गटाच्या बँक खात्यावर दोन सह्या लागतात, तोच प्रकार.

आता सगळ्यात जास्त होणारी चूक. लोक ओनर आणि ॲक्टिव्हवर उंबरठा २ लावतात, पैसे सुरक्षित झाले म्हणून समाधान मानतात आणि पोस्टिंग जुन्या एका चावीवर तशीच सोडतात. पण ॲडमिन नेमणं हे पोस्टिंगचं काम आहे. म्हणजे तिजोरीला तीन कुलपं लावली आणि सगळ्या पदांच्या नेमणुका एकाच्या हाती ठेवल्या. कम्युनिटीच्या खात्यावर पोस्टिंगसुद्धा दोन सह्यांवरच ठेवा. या खात्यावरून रोज पोस्ट टाकायच्या नसतातच. घोषणा ॲडमिनच्या स्वतःच्या खात्यावरून करा.

त्यातच दुसरी बारीक फट असते. खात्याच्या पोस्टिंग अधिकारात एखाद्या ॲपलाही परवानगी दिलेली असू शकते. ती ठेवली, तर ते ॲप चालवणारा तुमच्या वतीने ॲडमिन नेमू शकतो. परवानग्यांचं पान उघडा आणि ज्या ॲपची गरज नाही ते काढून टाका.

चावीधारक आणि ॲडमिन ही माणसं वेगळी असू द्या. हा नियम हाइव्हने घातलेला नाही, तुम्ही स्वतःवर घालायचा आहे. ज्याला काढायची वेळ येऊ शकते, त्याच्याच हातात काढण्याची सही नको. चावीधारकांना रोजचं काहीच काम नसतं, त्यामुळे निवृत्त शिक्षक, सीए, ग्रंथपाल असे शांत डोक्याचे आणि भरवशाचे लोक इथे शोभतात. एकाच घरातले दोघे घेऊ नका.

चाव्या बसवल्या की लगेच तालीम घ्या. एका चाचणी खात्याला ॲडमिन करायचं आणि परत गेस्ट करायचं, दोन्ही वेळा दोन सह्यांनी. तयार केलेल्या व्यवहाराला मुदत असते. एकाने सही केली आणि दुसरा दिवसभर फोन उचलत नसेल तर व्यवहार बाद होतो आणि पुन्हा पहिल्यापासून बनवावा लागतो. म्हणून तिघांनी वेळ ठरवूनच बसायचं. तालमीत व्यवहारच जात नसेल आणि सह्या मात्र बरोबर असतील, तर बहुधा खात्यात आरसी, म्हणजे व्यवहारासाठी लागणारं रिसोर्स क्रेडिट संपलेलं असतं. त्या खात्यात थोडी हाइव्ह पॉवर कायम ठेवा.

चावी चोरीला जाणं आणि चावी हरवणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. चोराने ओनर चावी बदलली, तर आधीची चावी वापरून ३० दिवसांच्या आत, रिकव्हरी खात्याच्या मदतीने, खातं परत मिळवता येतं. पण तिघांपैकी दोघांच्या चाव्या हरवल्या तर काहीही उपाय नाही. कोणत्याही कार्यालयात अर्ज करून त्या परत मिळत नाहीत. प्रत्येक चावीच्या दोन कागदी प्रती दोन वेगळ्या पत्त्यांवर ठेवा, एक घरी आणि एक लॉकरमध्ये. रिकव्हरी खातं कोणतं आहे तेही पाहून घ्या. सुरुवातीला ते खातं काढून देणाऱ्याचंच असतं. तो माणूस उद्या कम्युनिटी सोडणार असेल तर आजच बदला, कारण हा बदल लागू व्हायला ३० दिवस लागतात.

मतदार यादी म्हणून मेंबर

१ प्रकारच्या कम्युनिटीत मेंबर आणि गेस्ट यांच्यात पोस्ट टाकण्यापुरता फरक नसतो, म्हणून ही भूमिका बऱ्याच ठिकाणी रिकामी पडून राहते. तिला मतदार यादी करा. तीन महिने सहभाग आणि दोन मेंबरची ओळख, एवढी अट पुरे. एक माणूस दहा खाती काढू शकतो, हे कोणतीही चेन थांबवत नाही. ते ओळखीनेच थांबतं, आणि एका शहरातल्या लोकांना ही सोय आहे.

निर्णय घेताना ॲडमिनने ठरावाची पोस्ट टाकायची. ठराव हो किंवा नाही म्हणता येईल असा, एका वाक्यात. मुदत सात दिवस. मेंबरने प्रतिक्रियेत 'हो' किंवा 'नाही' लिहायचं. प्रतिक्रिया त्याच्या पोस्टिंग चावीने सही होऊन चेनवर जाते, म्हणून वेगळी नोंदवही नको. एकूण मेंबरपैकी एक तृतीयांश मतं पडली तरच निकाल धरायचा. ॲडमिन काढायचा असेल तर पडलेल्या मतांपैकी दोन तृतीयांश, आणि त्यानंतर चावीधारकांनी ७२ तासांत सही करायची. चावीधारकांना ठराव आवडतो की नाही हा प्रश्नच येत नाही. यादी आणि मोजणी बरोबर आहे का, एवढंच त्यांनी तपासायचं.

तीन गोष्टींवरून इथे वाद होतात. चेनवरची वेळ यूटीसी असते आणि ती आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे आहे. 'रविवारी रात्री बारापर्यंत' म्हणजे चेनवर रविवार १८:३०. ठरावातच दोन्ही वेळा लिहा. दुसरं, प्रतिक्रिया नंतर बदलता येते, तेव्हा मुदतीपूर्वीचं शेवटचं रूप धरायचं असं आधी ठरवा. तिसरं, ठरावाच्या पोस्टवर पडलेले अपव्होट मत म्हणून मोजू नका. त्यात पुन्हा पैशाचं वजन येतं.

म्यूट, डाउनव्होट आणि न पुसली जाणारी माहिती

म्यूट केलेली पोस्ट नाहीशी होत नाही. कम्युनिटीच्या पानावर ती झाकली जाते, लेखकाच्या स्वतःच्या पानावर राहते आणि वेगवेगळ्या ॲपवर वेगवेगळी दिसते. लेखकाने स्वतः खोडली तरी जुन्या ब्लॉकमध्ये ती कायम असते. म्हणून फोन नंबर, आधार, घराचा पत्ता, लहान मुलांचे फोटो आणि शाळेचं नाव यांबद्दलचा नियम सगळ्यांत वर ठेवा आणि नव्या माणसाला पहिल्याच प्रतिक्रियेत सांगा. हे आम्ही कळकळीने सांगतो, कारण या एका चुकीची दुरुस्ती नाही.

म्यूट करताना कारण लिहावं लागतं आणि ते सगळ्यांना दिसतं. 'नियमभंग' असं मोघम लिहू नका. 'नियम ३, फोटो दुसऱ्याचा, मूळ लेखकाचं नाव नाही' असं लिहा. एका मॉडरेटरने म्यूट केलं आणि लेखकाने हरकत घेतली, तर दुसऱ्या मॉडरेटरने ४८ तासांत पाहायचं. ही मुदत उगाच नाही. पोस्टला मिळालेल्या मतांवर ठरणारं नाण्यांचं बक्षीस सात दिवसांनी वाटलं जातं, निम्मं लेखकाला आणि निम्मं मत देणाऱ्यांना. त्यानंतर चोरीचा मजकूर सापडला तर पैसे गेलेले असतात.

डाउनव्होट, म्हणजे पोस्टच्या विरोधातलं मत, वेगळा. तो बक्षीस कमी करतो, लेखकाची पतही घटवू शकतो आणि कम्युनिटीपुरता राहत नाही. मॉडरेटरने उचलेगिरी आणि स्पॅम सोडून कशालाही डाउनव्होट देऊ नये. माणसाला म्यूटेड केलं तर त्याच्या पुढच्या पोस्ट आपोआप झाकल्या जातात, जुन्या तशाच राहतात, त्या एकेक करून पाहाव्या लागतात. आणि चुकीच्या कम्युनिटीत पडलेली पोस्ट हलवता येत नाही, लेखकाला क्रॉसपोस्ट करायला, म्हणजे तीच पोस्ट योग्य कम्युनिटीत पुन्हा टाकायला, सांगा.

मॉडरेटरचं वेळापत्रक नागपूरचं कॅलेंडर बघून लावा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघते आणि बडग्यांवरची (मिरवणुकीतल्या पुतळ्यांवरची) टीका फोटोंसकट इथे येणारच. सार्वजनिक पदावरच्या माणसाच्या कामावर कितीही बोचरं चालेल, पण जात, शरीर आणि घरच्या बायामाणसांवर काही चालणार नाही, ही रेघ आधी लिहून ठेवा. दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात ते धम्मचक्र प्रवर्तन दिनाचे दिवस आणि डिसेंबरमधलं हिवाळी अधिवेशन, या काळात बाहेरची नवी खाती द्वेष पेरायला येऊ शकतात. त्या आठवड्यांत मॉडरेटर दुप्पट ठेवा. सप्टेंबर २०२३ मध्ये अंबाझरी ओसंडून वस्त्यांत पाणी शिरलं. अशा रात्री जुने फोटो नवे म्हणून फिरतात. पुराच्या पोस्टला ठिकाण, वेळ आणि स्वतः काढलेला फोटो ही अट घाला आणि पडताळलेली एकच पोस्ट पिन करा. दहा पिन केल्या तर कोणीच वाचत नाही.

पैसा

कम्युनिटीच्या खर्चासाठी लेखकाला आपल्या बक्षिसातला वाटा लाभार्थी म्हणून कम्युनिटीच्या खात्याला देता येतो. ५ टक्के पुरे आणि सक्ती नको. हा वाटा पोस्ट टाकतानाच लावावा लागतो, पहिलं मत पडलं की लावता येत नाही. शिल्लक रक्कम हाइव्हवरच्याच बचत खात्यात ठेवा. तिथून काढायला ३ दिवस लागतात आणि तेवढ्यात चुकीचा व्यवहार रद्द करता येतो. हाइव्ह पॉवर मोकळी व्हायला मात्र १३ आठवडे, दर आठवड्याला एक हप्ता. म्हणून ज्या पैशाची दिवाळीत गरज आहे तो पॉवरमध्ये अडकवू नका.

नव्या लोकांकडे आरसी कमी असतं आणि दोन-चार प्रतिक्रियांनंतर ॲप अडतं. ऑक्टोबर २०२२ च्या हार्डफोर्कपासून आरसी उसनं देता येतं, पैसे न देता. हे काम एका मेंबरकडे सोपवा आणि दर महिन्याला बंद पडलेल्या खात्यांकडून परत घ्या.

भारतात आभासी मालमत्तेच्या विक्रीतल्या नफ्यावर १ एप्रिल २०२२ पासून ३० टक्के कर आहे, वर सेस, आणि तोटा वजा मिळत नाही. १ जुलै २०२२ पासून व्यवहारावर १ टक्का टीडीएसही आहे. कम्युनिटीच्या खात्यात आलेल्या प्रत्येक रकमेची तारीख आणि त्या दिवसाचा रुपयातला भाव वहीत लिहा. ॲडमिन किंवा चावीधारकाच्या वैयक्तिक एक्स्चेंज खात्यातून कम्युनिटीची नाणी विकली, तर तो व्यवहार कागदोपत्री त्याच्याच नावावर पडतो. विकण्याआधी संस्था नोंदवायची की नाही हे सीएकडून समजून घ्या आणि तोपर्यंत नाणी आहेत तिथेच राहू द्या.